ज्येष्ठांचे पडणे आणि अंगावरची उपकरणे : निवड, जोडणी आणि रोजचा वापर

‘आईला फॉल डिटेक्शनचे घड्याळ घेऊन दिले, आता काळजी मिटली’ असे कुणी सांगितले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की ते घड्याळ वाजल्यावर दार कोण उघडणार? फॉल डिटेक्शन म्हणजे माणूस पडल्यानंतर ते ओळखणे. माणूस पडूच नये यासाठी उपकरणाचा उपयोग करून घेणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती बहुतेक घरांत कुणी करतच नाही, कारण दुकानात या दोन्ही गोष्टी एकाच खोक्यात, एकाच नावाने विकल्या जातात. पुढील मजकूर या दोन्ही कामांसाठी आहे; परंतु त्यातील जास्त महत्त्वाचा भाग पहिल्या पडण्याच्या आधीच्या आठवड्यांविषयी आहे, असे माझे ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि सर्वाधिक संख्या साठीच्या पुढच्या माणसांची असते. पासष्टीनंतर साधारणपणे तिघांतील एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. घरात मात्र हे क्वचितच उघडपणे बोलले जाते. ‘जरा पाय सटकला’ एवढ्यावर विषय संपतो, कारण पडल्याचे कळले तर मुले बाहेर जाऊ देणार नाहीत, एकटे राहू देणार नाहीत, ही भीती असते.

खरेदीच्या आधी : घरच्या घरी तीन मोजण्या

उपकरण कोणते घ्यावे हे ठरवण्याआधी धोका किती आणि कशामुळे आहे हे पाहावे. त्यासाठी हातांची खुर्ची, मोजपट्टी, मोबाइलमधील स्टॉपवॉच आणि दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र एवढे साहित्य पुरते.

पहिली मोजणी उठण्या-चालण्याची. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर खूण करावी. ज्येष्ठ व्यक्तीने नेहमीच्या चपला घालून, नेहमीची काठी असल्यास ती घेऊन, खुर्चीतून उठावे, नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत चालावे, वळून परत यावे आणि बसावे. या सगळ्याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे धरतात. सेकंदांइतकेच वळतानाचे निरीक्षण मोलाचे आहे : वळताना बारीक बारीक पावले पडतात का, भिंतीला हात जातो का, उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागतो का, हे लिहून ठेवावे. चाचणी चालू असताना कुणीतरी हाताच्या अंतरावर उभे राहणे आवश्यक आहे.

दुसरी मोजणी तोलाची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत, ओट्याजवळ उभे राहावे. ही अवस्था १० सेकंद टिकली नाही तर तोलाचा प्रश्न आहे.

तिसरी मोजणी बहुतेक घरांत राहूनच जाते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब घ्यावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० एककांनी उतरला, तर रात्री लघवीला उठताना येणारी भोवळ कुठून येते याचा उलगडा होतो. अशा व्यक्तीला घड्याळाआधी डॉक्टरांची गरज आहे. झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या मिळून हा परिणाम करू शकतात. म्हणून सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवावीत. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर हेही याच टप्प्यावर तपासून घ्यावे.

उपकरणे कोणते काम करतात

अंगावरच्या उपकरणांची कामे तीन प्रकारची आहेत. काही उपकरणे चालण्यात हळूहळू होणारा बदल मोजतात, काही पडल्याचे ओळखून हाक देतात आणि काही पडतानाचा मार कमी करतात.

पडणे ओळखण्याचे तत्त्व समजून घेतले तर या उपकरणांकडून अवाजवी अपेक्षा राहत नाही. घड्याळात त्वरण (म्हणजे वेगातील बदल) मोजणारा आणि वळण मोजणारा असे दोन संवेदक असतात. स्थिर असताना पहिला संवेदक गुरुत्वाकर्षणाचे १ जी एवढे माप दाखवतो. माणूस कोसळू लागला की हे माप क्षणभर शून्याकडे उतरते, जमिनीवर आदळताच एकदम अनेक पटींनी उसळते आणि त्यानंतर हालचाल थांबते. हा क्रम जुळला की घड्याळ ‘पडले’ असे ठरवते. त्यामुळे जोराचा आपटा सहसा ओळखला जातो, पण भिंतीला धरून हळूहळू खाली बसणे, पलंगाच्या कडेवरून घसरणे किंवा खुर्चीतून ओघळणे हे निसटू शकते. आणि अशक्त माणसे पुष्कळदा अशीच पडतात. उलट, नारळ फोडताना किंवा कपडे आपटताना खोटा इशारा वाजू शकतो. म्हणून आपोआप ओळखण्याची सोय असली तरी दाबायचे बटण हवेच, आणि ते कसे दाबायचे हे हाताला ठाऊक असायला हवे.

चालण्यातील बदल मोजण्यासाठी वेगळे घड्याळ लागतेच असे नाही. २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १५ (आयफोनची कार्यप्रणाली) पासून आयफोन ८ आणि त्यापुढच्या फोनमध्ये चालण्याच्या स्थिरतेचे मोजमाप होते. चालण्याचा वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ आणि डाव्या-उजव्या पावलांतील फरक यांवरून फोन स्थिरता ठीक, कमी किंवा अतिशय कमी अशी सांगतो. कमी असल्यास पुढील बारा महिन्यांत पडण्याचा धोका वाढलेला आहे असा त्याचा अर्थ असतो. मात्र फोन कमरेजवळ असेल तरच हे मोजमाप होते. सदऱ्याच्या वरच्या खिशात, पिशवीत किंवा टेबलावर ठेवलेला फोन या कामाचा नाही. साडी नेसणाऱ्या बाईंना खिसा नसतो. त्यांच्यासाठी कमरेला बांधायचा छोटा कापडी कसा शिवून घेणे हा उत्तम उपाय आहे, कारण कनवटीला काहीतरी जपून ठेवायची सवय त्या पिढीच्या अंगी असतेच.

मार कमी करणाऱ्या साधनांत खुब्यावर मऊ किंवा कडक गादी असलेल्या चड्ड्या आणि कोसळताना क्षणार्धात फुगणारे पट्टे येतात. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी, जिथे ते रोज घालून घेणारे कुणी असते, तिथे गादीच्या चड्ड्यांचा थोडा उपयोग दिसतो. स्वतःच्या घरी राहणारी माणसे उकाड्याने आणि शौचाला जाताना होणाऱ्या अडचणीमुळे त्या घालणे सोडतात. ज्यांचा खुबा एकदा मोडला आहे त्यांनी आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून याचा विचार करावा. इतरांनी पैसे इथे घालू नयेत असे मी म्हणेन.

निवड करताना

सर्वप्रथम घरातील फोन पाहावा. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही, आणि सॅमसंगची गॅलक्सी वॉच ४ पासूनची घड्याळे आयफोनला जोडता येत नाहीत. मुलाने परदेशातून स्वतःच्या आवडीचे घड्याळ पाठवायचे आणि इथे ते कपाटात पडून राहायचे, असे याच कारणाने घडते. ॲपल वॉचमध्ये फॉल डिटेक्शनची सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. स्वस्त घड्याळांच्या जाहिरातीत ‘एसओएस’ हा शब्द असला, तरी त्याचा अर्थ अनेकदा फक्त बटण दाबून फोन लावता येतो एवढाच असतो. पडल्याचे आपोआप ओळखले जाते का, हे वेगळे विचारून घ्यावे.

मग माणूस पाहावा. गळ्यात लटकवायचे सिमकार्डाचे पेंडंट मिळते. त्याला एकच मोठे बटण असते, त्यातूनच बोलता येते आणि स्मार्टफोनची गरज नसते. ज्यांना पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत किंवा बोटे थरथरतात त्यांना हे घड्याळापेक्षा सोयीचे पडते. असे पेंडंट घेताना ते ४जी आहे याची खात्री करावी, कारण केवळ २जीवर चालणारे उपकरण जिओच्या सिमवर चालणार नाही. घरात ज्या कंपनीचे नेटवर्क न्हाणीघरातही मिळते त्याच कंपनीचे सिम घ्यावे. ही तपासणी साधी आहे : न्हाणीघराचे दार लावून तिथून फोन लावून पाहावा.

मनगटाचाही विचार करावा. बांगड्या आणि पाटल्यांच्या वर सैल बांधलेले घड्याळ नाडीही नीट मोजत नाही आणि पडणेही नीट ओळखत नाही. बांगड्या नसलेल्या किंवा कमी असलेल्या हातावर, त्वचेला टेकेल असे बांधावे. वॉकर धरून चालणाऱ्या माणसाचा हात झुलत नाही, त्यामुळे मनगटावरचे घड्याळ पावले कमी मोजते. अशा व्यक्तीच्या पावलांचा आकडा पाहून घाबरून जाऊ नये.

पाण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ओली फरशी न्हाणीघरातच असते आणि घड्याळ नेमके तिथे जाताना काढून ठेवले जाते. ५० मीटरपर्यंत जलरोधक असलेले घड्याळ अंघोळीच्या पाण्याने बिघडत नाही. साबण मात्र त्याच्या सीलला हळूहळू खराब करतो, म्हणून अंघोळीनंतर ते साध्या पाण्याने धुऊन पुसावे. पूजेच्या आणि सोवळ्याच्या वेळी घड्याळ काढायचे असेल तर त्यावर वाद घालू नये. पूजा झाल्यावर ते पुन्हा बांधायचे एवढे ठरवून घ्यावे. चार्जिंगची वेळही ठरलेली असावी. बहुतेकांना ती रात्री झोपताना सोयीची वाटते आणि तीच चुकीची आहे, कारण रात्री लघवीला उठणे हा धोक्याचा क्षण असतो. सकाळी चहा घेत वर्तमानपत्र वाचायला बसण्याची वेळ, जेव्हा माणूस एका जागी बसलेला असतो, ती चार्जिंगला योग्य.

जोडणी : चुका इथे होतात

ॲपल वॉचमध्ये वय ५५ किंवा अधिक नोंदलेले असेल तर फॉल डिटेक्शन आपोआप सुरू असते. मुलगा किंवा नात घाईघाईत स्वतःच्या जन्मतारखेने घड्याळ सुरू करून देते आणि ही सोय बंदच राहते. म्हणून जन्मतारीख, उंची आणि वजन ज्येष्ठ व्यक्तीचेच भरावे, सेटिंगमध्ये जाऊन फॉल डिटेक्शन सुरू आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि ‘फक्त व्यायामाच्या वेळी’ याऐवजी ‘नेहमी’ हा पर्याय निवडावा. मनगटावर असल्याची ओळख, म्हणजे रिस्ट डिटेक्शन, हेही चालू हवे. सॅमसंगच्या घड्याळात जोरात पडणे ओळखण्याची सोय फोनवरील ॲपमधून सुरू करावी लागते आणि तिथेही ‘नेहमी’ हाच पर्याय निवडावा.

आपटा ओळखल्यावर ॲपल वॉच मनगटावर टकटक करते, आवाज करते आणि ‘मी ठीक आहे’ असे सांगण्याची संधी देते. सुमारे एक मिनिट काहीच हालचाल झाली नाही तर ३० सेकंदांची उलटी मोजणी होऊन आपत्कालीन क्रमांकावर फोन जातो, जो भारतात ११२ आहे, आणि त्यानंतर मेडिकल आयडीत (फोनमधील आरोग्यविषयक माहितीच्या नोंदीत) नोंदलेल्या नातलगांना ठिकाणासह संदेश जातो. घड्याळ सेल्युलर, म्हणजे स्वतःच्या मोबाइल जोडणीचे, नसेल तर यासाठी आयफोन जवळ असणे किंवा घरचे वायफाय आणि वायफाय कॉलिंग सुरू असणे आवश्यक असते. मेडिकल आयडीत रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, पेसमेकर, औषधांची ॲलर्जी हे लिहून ठेवावे.

आता हाक कुणाला जाते ते पाहू. अनेक घरांत पहिला क्रमांक अमेरिकेतल्या मुलाचा असतो. इथे दुपारी तीन वाजता आई पडते तेव्हा तिकडे रात्र किंवा पहाट असते, आणि तो जागा झाला तरी त्याला पुन्हा इथल्याच शेजाऱ्याला फोन करावा लागतो. शिवाय परदेशातील क्रमांकावरचा एसएमएस बहुधा साध्या रिचार्जमध्ये धरलेला नसतो. म्हणून पहिला क्रमांक पाच मिनिटांत पायी पोहोचू शकणाऱ्या माणसाचा असावा, मग तो शेजारी असो की खालच्या मजल्यावरच्या वहिनी. दुसरा त्याच गावातील नातलगाचा. आणि तिसरा मुलाचा. या सर्वांना आधी विचारून त्यांची संमती घ्यावी, आणि त्यांच्या फोनमध्ये ज्येष्ठ व्यक्तीचा क्रमांक सायलेंटवरही वाजेल अशी सोय करून द्यावी. आयफोनमध्ये त्याला ‘इमर्जन्सी बायपास’ म्हणतात.

किल्ली पहिल्या माणसाकडे असावी. सेफ्टी डोअरची आतली कडी घालून झोपायची सवय असेल तर किल्लीचा उपयोग नाही. त्याऐवजी बाहेरूनही उघडणारे कुलूप बसवावे. न्हाणीघराचे दार आत उघडणारे असेल तर पडलेल्या माणसाचेच शरीर दाराला अडते. दार बाहेर उघडेल असे सुताराकडून करून घेणे किंवा निदान कडी न लावता दाराबाहेर पाटी टांगणे, हा खर्च कोणत्याही घड्याळापेक्षा कमी आणि उपयोग मोठा आहे. घड्याळ ठिकाण कळवते ते अक्षांश-रेखांशाच्या रूपात, त्यातून मजला आणि सदनिका कळत नाही. म्हणून इमारतीच्या रखवालदारालाही कल्पना देऊन ठेवावी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, तो मोठ्या अक्षरात फोनजवळ आणि पलंगाच्या बाजूला, बसून दिसेल इतक्या खाली लिहून लावावा.

प्रीपेड सिमची मुदत संपली की बाहेर जाणारे फोन आणि संदेश थांबतात. शेजाऱ्याला फोन लागत नाही म्हणून माणूस तासन् तास फरशीवर पडून राहावा, आणि कारण संपलेले रिचार्ज असावे, हे सहन होण्यासारखे नाही. दीर्घ मुदतीचे रिचार्ज करून त्याची तारीख मुलाने स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाकावी.

तालीम

जोडणी झाली की पहिल्या माणसाला आधी कळवून, मुद्दाम बटण दाबून पूर्ण साखळी चालवून पाहावी : हाक गेली, फोन वाजला, माणूस निघाला, किल्लीने दार उघडले. ११२ वर मात्र खोटा फोन करू नये. घड्याळाची उलटी मोजणी सुरू झाली की ती कशी रद्द करायची हे आधी शिकावे. पडून दाखवण्याची चाचणी अजिबात करू नये.

याच दिवशी जमिनीवरून उठण्याचा सरावही करावा, शक्यतो फिजिओथेरपिस्टच्या देखत. दुखापत नसेल तर आधी कुशीवर वळावे, मग हात आणि गुडघ्यांवर यावे, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवून बळकट पाय पुढे घ्यावा आणि वळून बसावे. एक तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिले तर स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, शरीरातील पाणी कमी होते आणि दाबाच्या जखमा होतात. हा वेळ कमी करणे हेच हाक देणाऱ्या उपकरणाचे खरे काम आहे.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे

पहिले दोन आठवडे आकड्यांकडे फक्त पाहावे, काही ठरवू नये. त्या काळातील सरासरी ही त्या व्यक्तीची स्वतःची पातळी. पुढे तुलना तिच्याशीच करावी, शेजारच्या काकांशी नाही.

दर रविवारी चार गोष्टी वहीत लिहाव्यात : रोजची सरासरी पावले, चालण्याचा वेग, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचे प्रमाण आणि रात्री उठण्याची संख्या. चालताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचे प्रमाण साधारण २० ते ४० टक्के असते; ते वाढत जाणे म्हणजे माणूस पाऊल उचलायला कचरतो आहे. सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी वेग हे अशक्तपणाचे लक्षण मानले जाते. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. उपवास, पाहुणे, पावसाची झड यांनीही तो बदलतो. तीन आठवडे एकाच दिशेने घसरण दिसली तर मात्र थांबू नये. अशा वेळी विचारायचे प्रश्न साधे आहेत : नवी गोळी सुरू झाली का, गुडघा किंवा तळपाय दुखतो का, जेवण कमी झाले का, मन उदास आहे का, आणि न सांगितलेले एखादे पडणे घडून गेले आहे का? पावले एकाएकी अर्ध्यावर आली असतील तर हा शेवटचा प्रश्न आधी विचारावा, आणि तो रागावून विचारू नये.

नाडी मिनिटाला ४० च्या खाली गेल्याचा इशारा घड्याळाने दिला आणि त्यासोबत भोवळ येत असेल, तर रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घड्याळाने दाखवलेला रक्तदाब औषधाचे प्रमाण ठरवण्यासाठी वापरू नये. त्यासाठी दंडाचे यंत्रच हवे.

घसरण दिसल्यावर करायचे काम उपकरणात नाही, व्यायामात आहे. व्यायामाने, विशेषतः तोल सांभाळण्याच्या व्यायामाने, पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात) दिसून आले. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटागो व्यायामक्रम घरी ओट्याला धरून करण्यासारखा आहे : टाचांवर आणि चवड्यांवर उभे राहणे, बाजूला पाय उचलणे, खुर्चीतून हात न लावता उठणे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावा आणि घड्याळात त्याच्या वेळेचे स्मरण लावावे. घड्याळाच्या स्मरणाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

संमती

हे सर्व ज्यांच्या अंगावर बसणार आहे त्यांच्याशी बोलण्याचे काम मुद्दाम वेगळे सांगतो, कारण ते टाळले की उपकरण आठवड्याभरात कपाटात जाते. ‘बाबा, तुम्ही कुठे जाता ते आम्हाला दिसेल’ असे सांगितले तर त्यांना पाळत ठेवल्यासारखे वाटणारच. कोणते आकडे कोण पाहणार, ठिकाण फक्त हाक दिल्यावर दिसणार की सदैव, आणि आकडे घसरले तर त्यांचे फिरणे बंद केले जाणार नाही, हे आधी त्यांच्यासमोर ठरवावे आणि पाळावे. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती उपकरण काढून ठेवते, चार्जिंग विसरते; तिच्या बाबतीत अंगावरच्या कोणत्याही वस्तूवर भिस्त न ठेवता सोबतीला माणूसच असावा.

हाक आलीच तर

धावत जाणाऱ्या माणसाने पडलेल्या व्यक्तीला ओढून उठवू नये. आधी बोलावे. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल किंवा खुब्यात, जांघेत कळ असेल तर खुबा मोडल्याची शक्यता असते; अंगावर पांघरूण घालून, काही खायला-प्यायला न देता १०८ ला फोन करावा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत होणे हिताचे असते, म्हणून ‘दोन दिवस शेक देऊन पाहू’ असे करू नये. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठणठणीत दिसला तरी रुग्णालयात न्यावे. सोबत वही आणि गोळ्यांची पिशवी न्यावी, आणि पडण्याची वेळ, ठिकाण, तेव्हा चालू असलेले काम व भोवळ आली होती का हे त्याच दिवशी वहीत लिहावे. घरी परतल्यावर खुर्ची आणि ३ मीटरची मोजणी नव्याने करून तिथून पुढच्या रविवारांची गणती सुरू करावी.